चौदा माणसं, एक बाबागाडी आणि दोन मजली एडिंबरा

डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा ठरलं होतं ते एवढंच, की मे महिन्याच्या सुट्टीत सगळे आमच्याकडे मँचेस्टरला येणार. एडिंबरा त्यात नव्हतंच. ते घुसवलं माझ्या बाबांनी. बाबा इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि ग्रँट डफचं नाव त्यांच्या बोलण्यात आठवड्यातून दोनदा तरी येतं. म्हणाले, "१८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा माणूस स्कॉटलंडचा, एल्फिन्स्टन स्कॉटलंडचा, विल्सन कॉलेजवाला विल्सन स्कॉटलंडचा. एवढ्या लांब यायचं आणि ते न बघता परत जायचं?" नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

माझ्या एका मैत्रिणीकडे पुढच्या उन्हाळ्यात अकरा जण येऊन धडकणार आहेत. "तुम्ही कसं जमवलंत ते सगळं लिहून दे, चुकांसकट," असं ती म्हणाली, म्हणून हे प्रकरण इतक्या तपशिलात लिहिते आहे.

कोण कोण होतं

नाशिकहून सासूबाई (वय ७८, उजवा गुडघा कामातून गेलेला), मोठे दीर आणि जाऊबाई. ठाण्याहून नणंद, तिचे यजमान, सोळा वर्षांची भाची, तेरा वर्षांचा भाचा. माझे आईबाबा. इथले आम्ही तिघं आणि लीड्सहून चुलत दीर, त्याची बायको आणि दोन वर्षांचं बाळ. म्हणजे चालती चौदा माणसं आणि बाबागाडीत एक बाळ.

वय सोडून आणखी एक हिशेब असतो, तो मी पहिल्यांदा केलाच नाही: कोण किती मिनिटं न बसता चालू शकतं. सासूबाई सपाटीवर पंधरा मिनिटं, चढावर चार. जाऊबाईंना मधुमेह, जेवण लांबलं की हात थरथरतो. भाचा दिवसभर चालेल, पण भुकेला झाला की जागचा हलणार नाही. हा हिशेब आधी हातात असता तर पुढचं निम्मं लिहावंच लागलं नसतं.

तारखेचा घोळ

पहिला बेत शुक्रवार ७ जून ते सोमवार १० जूनचा होता, म्हणजे आम्हा नोकरदारांची रजा कमी जाते. ऑगस्टवर मी आधीच काट मारली होती. त्या महिन्यात १९४७ पासून चालत आलेला कलामहोत्सव आणि त्याच्यासोबतचा फ्रिंज नावाचा दुसरा महोत्सव असतो, शिवाय किल्ल्यासमोर टॅटू, म्हणजे लष्करी बँडचा सोहळा. पाच लाखांच्या शहरात तेव्हा मुंगीला जागा मिळत नाही. जूनचा पहिला पंधरवडा मात्र शहाणपणाचा वाटला. रात्री दहाच्या आसपास सूर्य मावळतो, थंडी सोसवेल इतकी, इंग्लंडमधल्या शाळांची मधली सुट्टी संपलेली.

जानेवारीत खोल्या बघायला बसले तर दर वाचून डोळे पांढरे झाले. गुरुवारच्या रात्रीला एक दर आणि शुक्रवारी त्याच खोलीला दुपटीच्या वर. मला वाटलं संकेतस्थळच बिघडलंय. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात ठाण्याहून भाचीचा निरोप: "मामी, ७, ८, ९ जूनला मरेफील्ड स्टेडियमवर टेलर स्विफ्टची कॉन्सर्ट आहे. तुला माहीतच नाही?"

नव्हतं माहीत. गेल्या वर्षीच जाहीर झालेली गोष्ट, आणि घरातल्या सहा कमावत्या माणसांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. भाचीला तिकीट मिळवून द्यायची विनंतीही झाली, ती आम्ही न ऐकल्यासारखी केली. (हे तिनं अजून सोडलेलं नाही.) बेत आठवड्याच्या मधल्या दिवसांवर सरकवला: सोमवार ३ जूनला जायचं, गुरुवार ६ जूनला सकाळी निघायचं. रजा दोन दिवस जास्त गेली, पण मुक्कामाचे वाचलेले पैसे तीन माणसांच्या रेल्वे तिकिटांएवढे भरले.

दुसरा घोळ आमच्या हातातला नव्हता. १६ मार्चला निवडणूक आयोगानं लोकसभेचं वेळापत्रक जाहीर केलं. नाशिक आणि ठाण्याचं मतदान २० मेला, विमान २४ मेचं, म्हणजे तेवढ्यापुरतं नशीब. पण मतमोजणी ४ जूनला! तोच आमचा किल्ल्याचा दिवस. मी म्हटलं, काय फरक पडतोय, मतमोजणी भारतात आहे. मोठ्या दिरांना मी बारा वर्षं ओळखते, तरी असं म्हटलं.

व्हिसाचं फार लिहीत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून फेब्रुवारी संपता संपता नऊही अर्ज एकाच दिवशी भरले. तोवर जे काही राखून ठेवलं ते रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच ठेवलं.

गाडी की रेल्वे

लीड्सचे दीर मिनीबसवर अडून बसले होते. "सगळे एकत्र, हवं तिथे थांबू, मागे डबे." बेत ऐकायला झकास. पण नऊ ते सोळा प्रवासी आसनांच्या गाडीला इथे डी-वन वर्गाचा परवाना लागतो. तो ज्यांनी १ जानेवारी १९९७ पूर्वी गाडीची परीक्षा दिली त्यांना आपोआप मिळालेला आहे, आम्हा चौघांतल्या एकाकडेही नाही. त्यात एडिंबराच्या मध्यभागात जुन्या डिझेल गाड्यांना दंड सुरू होण्याची तारीख १ जून २०२४, म्हणजे आमच्या दोन दिवस आधी. आणि त्या गल्ल्यांत पार्किंग शोधणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडला चारचाकी नेणं.

रेल्वे ठरली. मँचेस्टरहून थेट गाडी सव्वातीन तासांच्या आसपास पोचवते. साठीच्या वरच्यांना ज्येष्ठांचं सवलत कार्ड पासपोर्ट दाखवून काढता येतं, त्यासाठी इथले रहिवासी असावं लागत नाही. तिकिटात एकतृतीयांश सूट मिळते. पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही.

या सगळ्या नियोजनात माझं एकच डोकं चाललं ते स्टेशन निवडताना. सगळे वेव्हर्लीला उतरतात, कारण ते प्रसिद्ध, मध्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी. पण वेव्हर्ली आहे खड्ड्यात. जुनं शहर एका कड्यावर, नवं शहर समोरच्या चढावर, मधल्या दरीत रेल्वे. तिथून कुठेही जायचं तर वर चढायचं. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण पंधरा जणांचं सामान घेऊन ते शोधत बसायला नको होतं. त्याच्या आधीचं स्टेशन हेमार्केट. बाहेर पडलं की समोर ट्राम. तिथून चार मिनिटांवर स्वयंपाकघर असलेल्या लहान सदनिकांची इमारत मिळाली, लिफ्टसकट.

ती मिळेपर्यंतची गोष्ट मात्र वेगळीच. आधी एक अख्खा फ्लॅट पक्का केला होता, जुन्या शहरात, 'सोळा जणांची सोय' असं लिहिलेला. स्कॉटलंडमध्ये अशा अल्पमुदतीच्या भाड्याला आता परवाना सक्तीचा आहे, जाहिरातीत परवान्याचा क्रमांक द्यावा लागतो आणि परवान्यात माणसांची कमाल संख्या ठरलेली असते. नवऱ्यानं क्रमांक मागितला तर तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी मालकानं कळवलं की परवाना आठ जणांचा आहे, 'पण मुलं मोजू नका'. रद्द केलं, पैसे यायला सहा आठवडे लागले. चार वेगवेगळ्या सदनिका एकाच इमारतीत घेण्याचा शहाणपणा त्यातून आला. मैत्रिणीनं आणखी एक ध्यानात ठेवावं: २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर शहराचा ५ टक्के पर्यटक कर लागू होतोय, सलग पहिल्या पाच रात्रींपुरता. आमच्यासारख्या तीन रात्री, चार सदनिका म्हटल्यावर तो जाणवणारच.

जेवणाचं

येताना कोणी काय आणायचं यावर स्वतंत्र ग्रुप निघाला होता. भारतातून दूधदुभत्याचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे, हे तीनदा लिहूनही जाऊबाईंनी साजूक तुपाची बरणी गुंडाळलीच होती. ती नाशिकलाच राहिली ती केवळ वजनामुळे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा आला. सकाळी सदनिकेत पोटभर खायचं, दुपारी बाहेर, रात्री पुन्हा खिचडी, हा क्रम टिकला. बाहेर मला धास्ती होती ती उगाच. स्कॉटलंडचा प्रसिद्ध हॅगिस मेंढीच्या काळजा-फुप्फुसांचा, पण १९८४ मध्ये एडिंबरातल्याच एका खाटकानं ओट, मसूर, राजमा, बिया घालून त्याचं शाकाहारी रूप काढलं. ते आता सगळीकडे मिळतं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "मिरी जास्त झालीय, पण कोथिंबीर असती तर जमलं असतं."

चार जूनचा मंगळवार

बेत असा होता. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी दिवस उताराचा आखायचा. टॅक्सीनं थेट किल्ल्यापर्यंत, आणि मग रॉयल माइलनं खाली खाली येत राहायचं. हा रस्ता किल्ल्यापासून हॉलीरूडच्या राजवाड्यापर्यंत एक स्कॉटिश मैल उतरत जातो, साधारण १.८ किलोमीटर. साडेदहाची किल्ल्याची तिकिटं आधीच काढलेली. एकच्या तोफेला सगळे एकत्र. १८६१ पासून रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ डागतात, पूर्वी बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून. त्यामुळे आमच्या ग्रुपला घड्याळ बघायचीही गरज नव्हती.

भारतात मोजणी सकाळी आठला सुरू झाली, म्हणजे इथे पहाटे साडेतीनला. मोठे दीर तेव्हापासून जागे. साडेआठला खाली आले तेव्हा डोळे लाल, हातात फोन, खिशात दुसरा फोन. किल्ल्यात ते सगळीकडे आले, पण काहीही बघितलं नाही. १४४९ ची, सहा टन वजनाची मॉन्स मेग तोफ बाबा त्यांना दाखवत होते तर हे म्हणाले, "दिंडोरीचा कल बदलला." जाड भिंतींच्या आत फोन चालेना, म्हणून बाराव्या शतकातल्या सेंट मार्गारेटच्या इवल्या देवळात, म्हणजे शहरातल्या सगळ्यात जुन्या उभ्या वास्तूत, ते शिरलेच नाहीत. दारात उभे. एकला तोफ उडाली तेव्हा दचकून त्यांचा फोन पडला. काच तडकली. निकाल दिसत राहिले, एवढंच महत्त्वाचं.

सासूबाई मात्र ठणठणीत होत्या. किल्ल्याच्या आत चढ झेपत नाही त्यांना वर नेणारी छोटी गाडी असते. दारातच विचारलं, मिळाली. भाग्यशिळा, म्हणजे स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड, बघायची म्हणून बाबा अडून बसले. त्यांच्या जुन्या मार्गदर्शिकेत ती किल्ल्यात होती, पण मार्च २०२४ मध्येच ती पर्थच्या नव्या संग्रहालयात हलवली आहे. जुनी पुस्तकं विमानात वाचायची, बेत मात्र ताज्या माहितीवर करायचा.

तोफेनंतर आम्ही तीन टोळ्या केल्या. सासूबाई, आई, जाऊबाई आणि बाळ-बाळंतीण सेंट जाइल्स चर्चपर्यंत उतरून, चहा पिऊन टॅक्सीनं घरी. पोरं नवऱ्याबरोबर. बाबा आणि मोठे दीर स्वतंत्र, कारण दोघांनाही कुणाचं ऐकायचं नव्हतं. साडेतीनला सगळ्या चालत्या मंडळींनी चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात भेटायचं, तिथे क्लोन केलेली डॉली मेंढी आहे आणि तिकीट नाही.

सव्वातीनला मी आणि मुलगी जॉर्ज चौथ्याच्या नावाच्या पुलावरून जात होतो. फोनच्या नकाशावर बाबांचा ठिपका आमच्याच ठिपक्यावर.

"बाबा, कुठे आहात?"

"इथेच. तू दाखवतेयस तिथेच."

"आम्हीपण इथेच आहोत!"

"मग दिसत का नाही?"

दहा मिनिटं हा संवाद. मी पुढे गेले, मागे आले. ठिपके एकमेकांवर, माणसं नाहीत. मोठ्या दिरांचा आवाज मागून, "नकाशा चुकीचा आहे, आपण परत जाऊ." शेवटी मुलगी कठड्यावरून वाकली आणि किंचाळली, "आजोबा खाली आहेत!" तीनचार मजले खाली एक दुसरा रस्ता होता, काउगेट, आणि त्यावर दोन टोपीवाले मराठी पुरुष आभाळाकडे बघत उभे.

हे शहर दोन मजली आहे आणि नकाशात मजला दिसत नाही. कड्याच्या दोन्ही बाजूंना उतार, त्यावर पूल टाकून वरचे रस्ते जोडलेले, खालचे रस्ते तसेच खाली. शेजारच्या साउथ ब्रिजला १९ कमानी आहेत, पण १७८८ पासून त्याच्या दोन्ही अंगांना इमारती अशा चिकटल्या की आज उघडी दिसते ती काउगेटवरची एकच. पुलावरून चालताना पूल आहे हेच कळत नाही. बाबा आणि दीर ग्रासमार्केटला उतरले होते आणि सरळ चालत गेले, बरोबर आमच्या पायाखालून. त्यांना मागे फिरून कँडलमेकर रो नावाच्या चढाच्या गल्लीनं वर यावं लागलं. ती गल्ली संपते तिथे बॉबी कुत्र्याचा पुतळा आहे. चार वाजता तिथे भेट झाली तेव्हा मोठे दीर धापा टाकत होते आणि रक्तदाबाची गोळी सदनिकेत होती.

काही झालं नाही, बाकावर बसले, पाणी प्यायले. पण चूक माझी होती. मी सासूबाईंच्या गुडघ्याचा दिवस नीट आखला आणि एकसष्ट वर्षांच्या, पहाटे साडेतीनपासून जाग्या, चिडलेल्या माणसाला 'धडधाकट' या खान्यात टाकलं. त्या रात्री बेताच्या तक्त्यात मी प्रत्येक जागेपुढे 'वर' किंवा 'खाली' असं लिहिलं, आणि दोन्हींमध्ये जायचं असेल तर कुठून, तेही. संग्रहालय वर. ग्रासमार्केट खाली. वेव्हर्ली खाली. सेंट जाइल्स वर. मैत्रिणीनं दुसरं काही नाही वापरलं तरी चालेल, हा एक रकाना वापरावा.

बुधवार

दुसऱ्या दिवशी एकत्र काहीच ठेवलं नाही, रात्रीच्या खिचडीशिवाय. यावर आदल्या रात्री वाद झाला. "सगळे एवढ्या लांबून एकत्र आलो ते वेगळं फिरायला का?" हे जाऊबाईंचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. पण थकवा बोलला आणि मतं वेगळं फिरण्याच्या बाजूनं पडली.

पोरं आर्थर्स सीटवर चढली, २५१ मीटर, वारा असा की भाच्याची टोपी गेली. सासूबाई, आई आणि मी ट्रामनं टोकापर्यंत, न्यूहेवनला गेलो. २०२३ मध्येच तिथवर रूळ वाढवलेत. तिकीट चढण्यापूर्वी फलाटावर काढायचं, नंतर चढउतार नाही, जिना नाही. बंदरापाशी बाकावर बसून सासूबाईंनी समुद्र बघितला, डबा उघडला. नंतर चार दिवसांतलं काय आवडलं असं विचारलं की त्या ही ट्राम सांगतात. किल्ला दुसरा.

बाबांना मी एकटंच सोडलं, गोळ्यांची डबी खिशात आहे हे बघून. ते परत किल्ल्यावर गेले, पण तिकीट न काढता. बाहेरच्या मैदानात टॅटूच्या बैठकांचे सांगाडे उभे होते, त्यांच्या आडून एक दगडी क्रूस त्यांनी शोधला. ७८ व्या हायलँडर्स पलटणीनं १८५७ च्या युद्धात गेलेल्या आपल्या माणसांसाठी उभारलेला. त्यावर हत्ती आहे. हत्ती का, तर ही पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर होती, तिथली निशाणी म्हणून. असई आपल्या जालना जिल्ह्यात. बाबा तिथे पाऊण तास उभे होते. मंगळवारी आम्ही चौदा जण त्याच्या शेजारून साडेदहाची वेळ गाठायला धावत गेलो होतो. पुढे रॅमसे गार्डनपाशीही गेले, पॅट्रिक गेडिसच्या घरांकडे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून आलेला, समाजशास्त्रज्ञ घुर्यांना शिकवणारा तो हाच. संध्याकाळी खिचडीवर हे सगळं सांगताना त्यांना कोणी थांबवलं नाही. मोठे दीरसुद्धा फोन उलटा ठेवून ऐकत होते.

परतताना

गुरुवारी सकाळी हेमार्केटच्या फलाटावर आम्ही मँचेस्टरच्या गाडीची वाट बघत होतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून पोरी उतरत होत्या, चमकीचे झगे, काउबॉय टोप्या, मनगटापासून कोपरापर्यंत मण्यांच्या माळा. एकमेकींना ओळखत नसलेल्या बाया माळा काढून एकमेकींना देत होत्या. भाची गप्प उभी, रडू आवरत. एकीनं थांबून तिच्या हातात एक माळ घातली, आणि शेजारी बाकावर बसलेल्या सासूबाईंच्याही. हिरव्या बांगड्यांना चिकटून गुलाबी मणी.

सासूबाईंनी हात वर करून माळ निरखली, गर्दीकडे बघितलं आणि भाचीला विचारलं, "कुठल्या देवाची गं ही वारी?"